जुने टॅब चालतात, मग नवाच का अडतो?

एका टॅबमध्ये भजनाचा व्हिडिओ न अडखळता चालू आहे. दुसऱ्यात वर्तमानपत्र उघडलेलं आहे, तिसऱ्यात सातबाऱ्याचा उतारा. वीजबिल भरायचं म्हणून वरचं अधिकचं चिन्ह दाबावं, तर नव्या टॅबमध्ये एररचा संदेश. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. घरातलं पहिलं निदान ठरलेलं असतं, 'नेट गेलं वाटतं.' मग राउटर बंद करून चालू केला जातो. त्यानंतर संगणक. शेवटी कुणीतरी सल्ला देतं की ब्राउझर काढून टाक आणि नव्याने टाक. यातल्या एखाद्या उपायाने कधी काम होतंही, पण बिघाड कुठे होता ते कळलेलं नसतं. म्हणून काही दिवसांनी तोच संदेश पुन्हा समोर उभा राहतो.

खरं तर निम्मं उत्तर समोरच असतं. जुने टॅब चालू आहेत, म्हणजे संगणक चालू आहे, ब्राउझरही जिवंत आहे आणि बहुधा नेटही आहे. अडलं आहे ते फक्त नवं काही सुरू करताना. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा: नवा टॅब उघडताना ब्राउझरला असं काय करावं लागतं, जे जुन्या टॅबसाठी आता करावं लागत नाही?

टॅब म्हणजे वेगळा संसार

पूर्वीच्या ब्राउझरमध्ये सगळे टॅब मिळून एकच प्रोग्रॅम असायचा. एका पानाने घोटाळा केला की संपूर्ण ब्राउझर बंद पडायचा आणि अर्धवट भरलेले फॉर्मही त्यासोबत जायचे. 2 सप्टेंबर 2008 रोजी गूगलने क्रोम बाजारात आणला तेव्हा त्याचं मोठं वैशिष्ट्य हेच होतं की प्रत्येक टॅबसाठी शक्यतो स्वतंत्र प्रोसेस सुरू व्हायची. प्रोसेस म्हणजे संगणकात एका वेळी चालू असलेलं एक स्वतंत्र काम, ज्याला स्वतःची वेगळी मेमरी मिळते. ही रचना लोकांना समजावी म्हणून गूगलने व्यंगचित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांच्याकडून एक सचित्र पुस्तिकाच काढून घेतली होती. पुढच्या वर्षी इंटरनेट एक्स्प्लोरर 8 त्याच वाटेने गेला. फायरफॉक्सला वेळ लागला, ऑगस्ट 2016 मध्ये आलेल्या 48 व्या आवृत्तीपासून तिथे हा बदल हळूहळू सुरू झाला.

आता नवा टॅब दाबल्यावर काय होतं ते पाहू. ब्राउझरचा मुख्य प्रोग्रॅम आधी संगणकाकडे नवी प्रोसेस मागतो. त्यासाठी डिस्कवरची ब्राउझरची फाइल लागते. मेमरी लागते. त्या प्रोसेसला कडक बंधनात ठेवलं जातं. तिला तुमच्या फाइल थेट वाचता येत नाहीत, काही हवं असेल तर मुख्य प्रोग्रॅमकडे मागावं लागतं. या बंधनाला सँडबॉक्स म्हणतात. कुठल्याशा फसव्या पानाला तुमच्या डिस्कपर्यंत हात घालता येऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. मग त्या टॅबमध्ये कोणतं पान दाखवायचं ते ठरतं, आणि तिथे एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, मध्ये येऊ शकतं. त्यानंतर वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं, जोडणी करणं, प्रमाणपत्र तपासणं. एवढं सगळं पार पडलं की पान दिसतं, आणि एरवी हे डोळ्याचं पातं लवेपर्यंत होऊन जातं.

लग्नाच्या पंगतीत बसलेल्यांच्या पानात वाढून झालेलं असतं. कोठीतला भात संपला, पाण्याचा पिंप रिकामा झाला, तरी त्यांचं जेवण काही वेळ सुरूच राहतं. अडतं ते नव्याने येऊन बसणाऱ्याचं, कारण त्याला पाट हवा, पान हवं, पाणी हवं आणि वाढपीही मोकळा हवा. जुन्या आणि नव्या टॅबमधला फरक नेमका हाच आहे. जुन्याला लागणारं सगळं त्याच्याकडे आधीच पोचलेलं असतं.

जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसर चिपमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. एका पानाला दुसऱ्या पानाची गुपितं चोरता येण्याचा धोका दिसला, म्हणून त्याच वर्षी क्रोमने संगणकावर एका वेबसाइटचं काम दुसरीच्या प्रोसेसमध्ये होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. एका पानात तीन वेगवेगळ्या साइट्सचे तुकडे असतील, तर आता त्या एका टॅबमागे तीन प्रोसेस असू शकतात. यामुळे मेमरीचा वापर सुमारे 10 ते 13 टक्क्यांनी वाढतो, असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. सुरक्षिततेसाठी ही किंमत मोजणं योग्यच होतं, पण कमी मेमरीच्या संगणकावर नवा टॅब अडण्याची शक्यता त्याने वाढवली.

संदेश कुणी लिहिला आहे?

एररचं पान दिसलं की आपण ते वाचायच्या आधीच बंद करतो. तसं न करता एक गोष्ट पाहावी. हा संदेश कुणाकडून आला आहे?

पानावर वेबसाइटचं बोधचिन्ह किंवा रंगसंगती असेल आणि 404, 500 किंवा 503 असा आकडा असेल, तर तो समोरच्या सर्व्हरने पाठवला आहे. म्हणजे तुमचा टॅब व्यवस्थित उघडला, नेटही नीट चाललं, निरोप तिथपर्यंत गेला आणि उत्तरही आलं. 404 म्हणजे ते पान तिथे नाही. 500 आणि त्यापुढचे आकडे म्हणजे बिघाड त्यांच्या बाजूला आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी 503 दिसला तर आपल्या घरातलं काहीही बंद-चालू करून उपयोग नाही. थोडं थांबणं हाच उपाय.

संदेश ब्राउझरच्या स्वतःच्या साध्या राखाडी-पांढऱ्या पानावर असेल आणि खाली 'ईआरआर' किंवा 'डीएनएस' ने सुरू होणारा कोड असेल, तर ब्राउझर चालू आहे, पण वाटेत काहीतरी अडलं आहे. आणि उदास चेहऱ्याच्या कागदाचं चित्र, 'ऑ, स्नॅप!' अशी अक्षरं, किंवा फायरफॉक्समध्ये टॅब क्रॅश झाल्याचा निरोप दिसला, तर त्या टॅबची प्रोसेसच कोसळली आहे किंवा सुरूच होऊ शकलेली नाही. इथे नेटचा काही संबंध नसतो.

हा फरक पडताळण्याची सोपी रीत आहे. मेनूमधून ब्राउझरचं सेटिंग्जचं पान उघडा. ते पान संगणकातच असतं, नेटवरून येत नाही. सेटिंग्ज उघडलं आणि वेबसाइट उघडली नाही, तर शोध नेटच्या दिशेने घ्यायचा. सेटिंग्जही कोसळलं, तर राउटरला हात लावायची गरज नाही.

फक्त अधिकचं चिन्ह दाबल्यावर येणारा एरर

काहींच्या बाबतीत अधिकचं चिन्ह दाबलं की 'तुमची फाइल सापडली नाही, ती हलवली किंवा पुसली गेली असावी' असा संदेश येतो. त्याखाली 'ईआरआर फाइल नॉट फाउंड' असा कोड असतो. मजकूर वाचून माणूस घाबरतो, आपली कुठली फाइल गेली म्हणून डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स धुंडाळतो. पण त्याच टॅबमध्ये वर पत्ता टाइप केला की वेबसाइट बिनतक्रार उघडते.

नवा टॅब उघडल्यावर शोधपट्टी आणि नेहमीच्या साइट्सची चित्रं दाखवणारं जे कोरं पान दिसतं, ते बदलण्याची परवानगी ब्राउझर एक्स्टेन्शनना देतो. कुणी तिथे सुंदर फोटो दाखवतं, कुणी कामांची यादी. फुकट पीडीएफ कन्व्हर्टर किंवा व्हिडिओ डाउनलोडर टाकताना पुढे-पुढे दाबत गेलं की असंच एखादं एक्स्टेन्शन न विचारता बसतं आणि नव्या टॅबचं पान ताब्यात घेतं. पुढे अँटिव्हायरस त्याची फाइल पुसतो, पण ब्राउझरच्या नोंदीत 'नवा टॅब उघडला की अमुक फाइल दाखव' हे तसंच राहतं. ब्राउझर प्रामाणिकपणे ती फाइल शोधायला जातो आणि ती सापडत नाही. हरवलेली फाइल त्या एक्स्टेन्शनची असते, तुमची नव्हे.

उपाय मेनूतल्या एक्स्टेन्शनच्या यादीत आहे. ती यादी सावकाश वाचा. जे आपण टाकल्याचं आठवत नाही, ज्याचं काम काय ते सांगता येत नाही, ते काढा. घराघरांतल्या संगणकांवर अशी ओळख नसलेली एक्स्टेन्शन सर्रास सापडतात. एररचं निमित्त झालं नाही, तर ती वर्षानुवर्षं आपण काय शोधतो ते पाहत बसलेली असतात.

पाठीमागून बदललेली आवृत्ती

मला या सगळ्यांत सर्वांत विलक्षण वाटणारा प्रकार फायरफॉक्सचा आहे. जुने टॅब उत्तम चालू असतात. नवा उघडला की निरोप येतो: फायरफॉक्स पार्श्वभूमीत अपडेट झाला आहे, पुढे जाण्यासाठी रिस्टार्ट करा. अनेकांना ही सक्ती वाटते. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे.

तुम्ही ब्राउझर सकाळी सुरू केला. त्याचा मुख्य प्रोग्रॅम आणि सकाळचे टॅब जुन्या आवृत्तीतून मेमरीत आलेले आहेत. दुपारी अपडेट येऊन डिस्कवरच्या फाइल बदलल्या. मेमरीत असलेल्यांना त्याचा पत्ता नाही, ते पूर्वीसारखे चालत राहतात. संध्याकाळी तुम्ही नवा टॅब उघडला. त्याची प्रोसेस डिस्कवरच्या फाइलमधून जन्माला येते, म्हणजे ती नव्या आवृत्तीची. मुख्य प्रोग्रॅम मात्र सकाळचा. या दोघांमध्ये सतत निरोपांची देवाणघेवाण चालते आणि त्या निरोपांची ठेवण आवृत्तीगणिक बदलते. एकाने पाठवलेलं दुसऱ्याने चुकीचं वाचलं तर माहिती बिघडू शकते, सुरक्षेला भगदाड पडू शकतं. म्हणून फायरफॉक्स आवृत्ती जुळते का ते पाहतो आणि जुळली नाही तर नवा टॅब चालवायला नकार देतो. लिनक्सवर, जिथे ब्राउझरचं अपडेट ब्राउझर स्वतः न करता बाहेरची व्यवस्था करते, तिथे हा अनुभव जास्त येतो.

क्रोमने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. विंडोजवर तो नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि तुम्ही रिस्टार्ट करेपर्यंत जुनीच वापरतो. लिनक्सवर तो सुरू होतानाच एक मूळ प्रोसेस तयार करून ठेवतो आणि नव्या टॅबसाठी डिस्ककडे न जाता तिचीच प्रत काढतो. तिचं नाव झायगोट, म्हणजे जीवशास्त्रातली फलित पेशी.

या एररवर उपाय एकच, आणि तो संदेशातच लिहिलेला आहे. फॉर्म अर्धा भरलेला असेल तर तो आधी पूर्ण करा, मग रिस्टार्ट करा. खासगी खिडकीतले सोडून बाकीचे टॅब परत येतात.

राखणदारच आडवा आला तर

ऑक्टोबर 2019 मध्ये क्रोमची 78 वी आवृत्ती आली आणि अनेक कार्यालयांमध्ये प्रत्येक पानावर 'ऑ, स्नॅप!' दिसू लागलं. सेटिंग्जचं पानसुद्धा कोसळत होतं. कारण होतं सिमँटेक एंडपॉइंट प्रोटेक्शन या सुरक्षा सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती. ते प्रत्येक टॅबच्या प्रोसेसमध्ये आपला कोड घुसवून पहारा ठेवत असे. नव्या क्रोमने विंडोजमधली एक सोय वापरून मायक्रोसॉफ्टची सही नसलेला कोड टॅबमध्ये शिरूच द्यायचा नाही असा नियम लागू केला होता. दोघांचाही हेतू संरक्षणाचाच, पण दोघे एकाच दारात भिडले आणि टॅब उघडेनासे झाले. सुरक्षा सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर प्रश्न मिटला.

तेव्हापासून ही खूण लक्षात ठेवण्यासारखी झाली आहे. सगळेच टॅब, सेटिंग्जसह, उघडताक्षणी कोसळत असतील, तर अँटिव्हायरसकडे पाहावं. त्याचं अपडेट आहे का, ते शोधावं. इथे एक कळकळीचा इशारा. 'ऑ, स्नॅप!' वर उपाय म्हणून ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये 'नो सँडबॉक्स' असा शब्द जोडण्याचा सल्ला सगळीकडे फिरत असतो. तो केला की टॅब खरोखर उघडतात. पण वर सांगितलेलं ते कडक बंधन त्याने निघून जातं, आणि मग कुठलंही फसवं पान थेट तुमच्या फाइलपर्यंत पोचू शकतं. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे हा सल्ला कधीही मानू नका.

मेमरी उरली असूनही संपते तेव्हा

'आउट ऑफ मेमरी' हा कोड बऱ्याच घरांत दिसतो, कारण 4 जीबी रॅमचे लॅपटॉप अजून मोठ्या संख्येने वापरात आहेत. तिथे कारण उघड आहे. पण 8 जीबी रॅमपैकी 2 जीबी मोकळी दिसत असतानाही हाच एरर येतो, तेव्हा माणूस चक्रावतो.

विंडोज एखाद्या प्रोग्रॅमला मेमरी देण्याचं कबूल करतो तेव्हा ती कुठून देणार याची तजवीज आधीच ठेवतो. थोडी रॅममधून, थोडी डिस्कवरच्या एका राखीव फाइलमधून. या फाइलला पेजफाइल म्हणतात. दोन्ही मिळून जेवढं होतं, त्यापलीकडे विंडोज शब्द देत नाही. प्रोग्रॅमनी मागून ठेवलेली पण अजून न वापरलेली मेमरीही या हिशेबात धरली जाते. म्हणून रॅम मोकळी दिसते आणि नव्या टॅबला मात्र नकार मिळतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी इथे जा. खाली 'कमिटेड' या शब्दापाशी दोन आकडे दिसतील. समजा तिथे 11.8 आणि 12.0 आहे. म्हणजे 12 जीबीपर्यंत शब्द देण्याची ऐपत आणि त्यातले 11.8 देऊन झालेले. अशा वेळी नवा टॅब अडणारच. पेजफाइल गरजेप्रमाणे वाढू शकते, पण त्यासाठी डिस्कवर जागा लागते. आणि सी ड्राइव्ह तर लग्नाच्या व्हिडिओंनी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फाइलींनी काठोकाठ भरलेला असतो. सी ड्राइव्ह रिकामा केल्यावर टॅब उघडू लागतात, ते या कारणाने. कुणाच्या तरी सल्ल्यावरून वेग वाढावा म्हणून पेजफाइल बंद करून टाकली असेल, तर ती पुन्हा चालू करावी.

कोणता टॅब किती मेमरी खातो हे ब्राउझर स्वतःच दाखवतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. फायरफॉक्समध्येही असं पान आहे, मेनूतल्या 'मोअर टूल्स'मध्ये. मेमरीच्या रकान्यावर क्लिक करा म्हणजे सर्वांत मोठा आकडा वर येईल. दोन दिवसांपासून उघडा राहिलेला एखादा बातम्यांचा टॅब, जाहिराती सतत बदलत असल्यामुळे, सर्वांवर वरचढ ठरलेला दिसणं नवल नाही. डिसेंबर 2022 पासून क्रोममध्ये मेमरी सेव्हर ही सोय आहे. वापरात नसलेले टॅब ती झोपवते आणि तुम्ही परत गेलात की पान पुन्हा आणते. कमी रॅमच्या संगणकावर ती चालू ठेवावी.

वाटेत अडणारे टॅब

नेटच्या बाजूची कारणं लवकर सापडतात. जुना व्हिडिओ चालतो कारण त्याच्या सर्व्हरशी जोडणी आधीच झालेली असते. नव्या वेबसाइटसाठी मात्र तिच्या नावावरून आकडी पत्ता विचारावा लागतो, आणि ती माहिती देणारी डीएनएस ही व्यवस्था गप्प बसली की नवा टॅब अडतो. कोडमध्ये 'डीएनएस' किंवा 'नेम नॉट रिझॉल्व्ह्ड' असे शब्द दिसतात. इथे मात्र राउटर बंद करून चालू करण्याचा घरगुती उपाय खरोखर लागू पडतो. 'प्रॉक्सी' हा शब्द दिसला, तर एखाद्या काढून टाकलेल्या व्हीपीएनने मागे सोडलेली सेटिंग नेटच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करावी.

'सर्ट डेट इनव्हॅलिड' असा कोड आला की आधी संगणकाचं घड्याळ पाहा. वेबसाइट आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. घड्याळ काही वर्षं मागे गेलं असेल, तर कालपरवाचं प्रमाणपत्र ब्राउझरला भविष्यातलं वाटतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर बंद राहिलेल्या जुन्या डेस्कटॉपवर हे घडतं, कारण आतली सीआर 2032 ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. तारीख नीट करा, बॅटरी बदला.

रेल्वे स्थानकावरच्या वाय-फायवरही प्रमाणपत्राबद्दलचा इशारा दिसतो. रेलटेल आणि गूगलने जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून ही सोय सुरू केली, आणि तिथे आधी मोबाइल क्रमांक टाकून नोंदणी करावी लागते. ती झाली नसेल तर तुम्ही मागितलेल्या वेबसाइटऐवजी नोंदणीची व्यवस्थाच उत्तर देते. ब्राउझरला हा तोतया वाटतो, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. नोंदणी पूर्ण करा. 'तरीही पुढे जा' हे बटण बँकेच्या पानासाठी कुठेच दाबू नका.

आणि कधीकधी तुमच्याकडे काहीच बिघडलेलं नसतं. 13 जानेवारी 2022 रोजी जगभरात फायरफॉक्समध्ये पानं उघडेनाशी झाली. एचटीटीपी-3 या नव्या जोडणीपद्धतीच्या हाताळणीत एक जुनी चूक दडलेली होती. एका क्लाउड सेवेच्या सर्व्हरवरची सेटिंग बदलली, तेव्हा ती उघडी पडली आणि फायरफॉक्सचा नेट सांभाळणारा भाग न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला. त्या दिवशी संगणक कितीही पुसून-पुसून स्वच्छ केला असता तरी उपयोग नव्हता, कारण दुरुस्ती सर्व्हरकडे झाली. म्हणून नवा टॅब अचानक अडला की मोबाइलवर दुसऱ्या ब्राउझरने तीच साइट उघडून पाहणं आणि ओळखीच्या कुणाला विचारणं शहाणपणाचं.

दोष शोधण्याची रीत

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम केल्या आणि एरर गेला, तर कशाने गेला ते कळायला मार्ग राहत नाही.

सुरुवात खासगी खिडकीपासून, म्हणजे क्रोमच्या इन्कॉग्निटोपासून करावी. तिथे एक्स्टेन्शन आपणहून चालू होत नाहीत. तिथे नवा टॅब बरा चालला, तर संशय एक्स्टेन्शन किंवा साठलेल्या कुकीजवर. मग एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत जा. फायरफॉक्समध्ये मेनूतल्या 'हेल्प'खाली 'ट्रबलशूट मोड' आहे. तो एक्स्टेन्शन आणि हार्डवेअर ॲक्सलरेशन (चित्रं रंगवण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची सोय) दोन्ही बाजूला ठेवून ब्राउझर उघडतो.

तरीही नाही जमलं, तर नवं प्रोफाइल. तुमचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग, एक्स्टेन्शन या सगळ्यांचं फोल्डर म्हणजे प्रोफाइल. क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून नवं जोडता येतं, आणि त्याने जुन्याला धक्का लागत नाही. नव्या प्रोफाइलमध्ये टॅब उघडले, तर बिघाड जुन्याच्या फाइलींमध्ये आहे. लिहिणं चालू असताना वीज गेली की अशा फाइल अर्धवट राहतात. लोडशेडिंगच्या गावांत याची आठवण आधी ठेवावी.

> चौकट: थोडक्यात
>
> पानावर 404: ते पान तिथे नाही; 503: दोष समोरच्या सर्व्हरकडे.
>
> 'डीएनएस', 'प्रॉक्सी', 'नेम नॉट रिझॉल्व्ह्ड': नेट आणि राउटर पाहा.
>
> 'सर्ट डेट इनव्हॅलिड': संगणकाची तारीख तपासा.
>
> फक्त अधिकचं चिन्ह दाबल्यावर 'फाइल सापडली नाही': अनोळखी एक्स्टेन्शन काढा.
>
> अपडेट झाल्याचा निरोप: ब्राउझर रिस्टार्ट करा.
>
> 'आउट ऑफ मेमरी': जड टॅब बंद करा, सी ड्राइव्हवर जागा करा.
>
> सेटिंग्जसह सगळंच कोसळतं: अँटिव्हायरसचं अपडेट शोधा.

ब्राउझर काढून टाकण्याआधी

ब्राउझर काढून पुन्हा टाकणं हा सर्वांत लोकप्रिय आणि बहुतेक वेळा अनावश्यक उपाय आहे. काढताना 'ब्राउझिंग डेटाही पुसा' ही खूण केली नाही, तर प्रोफाइलचं फोल्डर संगणकातच राहतं. नवा ब्राउझर तेच बिघडलेलं फोल्डर पुन्हा वापरतो आणि एरर परत येतो. खूण केली, तर साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क जातात. ते खात्याशी सिंक झालेले आहेत का हे आधी पाहा. नसतील तर बुकमार्क एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि पासवर्ड वहीत उतरवून ती वही कुलपात ठेवा.

ज्या एररवर फोन नंबर असतो

शेवटी एका अशा पानाबद्दल, जे एररसारखं दिसतं पण एरर नसतं. नवा टॅब उघडतो, पडदा लाल किंवा निळा होतो, भोंगा वाजू लागतो, आणि 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असा मजकूर येतो. मोठ्या कंपनीचं बोधचिन्हही असतं. फोन केला की पलीकडचा माणूस मदतीच्या नावाखाली संगणकाचा ताबा देणारं ॲप टाकायला लावतो आणि मग बँकेचं खातं उघडायला सांगतो. ब्राउझरची नावं टाकून 'कस्टमर केअर' शोधल्यावर सापडणारे क्रमांकही अनेकदा याच टोळ्यांचे असतात.

क्रोम असो, फायरफॉक्स असो वा एज, ब्राउझरच्या खऱ्या एररच्या पानावर फोन क्रमांक कधीच नसतो. असं पान आलं तर टॅब बंद करा, बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा, आणि पुन्हा उघडताना जुने टॅब परत आणू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आजच सांगून ठेवा. आणि पैसे गेलेच असतील, तर वेळ न दवडता 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त.